सातेरी मधमाश्यांची एक पेटी रिकामी झाली, दुसरी कशी वाचवू?

नमस्कार. माझं वय ६२, प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, राहते रत्नागिरी जिल्ह्यात. परसात काजू, आंबा, नारळ आहेत. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घेतलं आणि जानेवारीत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, दोन वसाहती आणल्या. काजूच्या मोहोरात दोन्ही पेट्या नुसत्या गजबजल्या होत्या. मे महिन्यात साडेतीन किलो मध निघाला. शेजारीपाजारी वाटला, तेव्हाचा आनंद अजून मनात आहे.

आषाढात पाऊस लागून राहिला. बारा दिवस पेट्या उघडता आल्या नाहीत. उघडीप मिळाल्यावर झाकण काढलं तर एका पेटीत एकही माशी नाही, मेलेलीसुद्धा नाही. पोळ्यांवर कोळिष्टकासारखी जाळी, त्यात मेणकिड्याच्या वळवळणाऱ्या अळ्या, तळफळीवर मेणाचा भुसा. फार वाईट वाटलं. मी उपाशी ठेवलं म्हणून गेल्या का?

दुसऱ्या पेटीत माश्या आहेत, पण तीनच चौकटींवर. राणी दिसत नाही, आणि अंडी आहेत की नाहीत तेच मला कळत नाही. तोंडावर जाळी, आत चष्मा, चष्म्यावर वाफ. पोळ्यातल्या घराच्या तळाशी उभं असलेलं ते दोऱ्याच्या तुकड्याएवढं अंडं या डोळ्यांना दिसणार कसं? साखरेचा पाक किती द्यायचा? रिकाम्या पेटीतली पोळी हिला देऊ का? शिवाय मला बीपीची गोळी चालू आहे, मागे पापणीवर डंख बसला तर डोळा दोन दिवस उघडला नव्हता. हे वाचवायचंच आहे, कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, पोळी अजिबात देऊ नका, जाळून टाका. पेटी खरवडून कडक उन्हात ठेवा. मेणकिडा सहसा नंतर येतो. आधी खाणं संपतं, माश्या कमी होतात, मोकळ्या पडलेल्या पोळ्यांची राखण होत नाही. म्हणून चालू पेटीतल्याही माश्या नसलेल्या चौकटी काढून घ्या, दार अरुंद करा, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा म्हणजे मुंग्या चढणार नाहीत.

साखर आणि पाणी समान घेऊन पाक करा. थंड झाल्यावर वाटीभर, अंधार पडताना, पेटीच्या आत द्या. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. बाहेर सांडू नका, दुसऱ्या माश्या लुटायला येतात.

अंड्यांसाठी डोळे ताणू नका. ऊन पाठीवर घेऊन चौकट धरा, मोबाईलने फोटो काढा आणि घरात बसून मोठा करून बघा. एका घरात एकच अंडं, तळाच्या मध्यावर, तर राणी आहे. एकाच घरात चार-पाच असतील तर राणी नाही, कामकरी माश्याच अंडी घालताहेत. माश्या पायाला पराग लावून आत जात असतील तर तेही चांगलं लक्षण.

गोळीचं मात्र डॉक्टरांना विचाराच. बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डंखाची तीव्र अॅलर्जी आटोक्यात आणणं अवघड जातं. डंख बसल्यावर अंगभर गांध्या, चक्कर, धाप यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना गाठा. पेटी एकटीने उघडू नका.

धागाकर्ती:
दादा, आज अकराला ऊन पडलं. सुनेने चौकट धरली, मी फोटो काढला. काळपट पोळ्यावर पांढरी अंडी स्पष्ट दिसताहेत, घरागणिक एकेक! तेरड्यावरून पराग येतोय. पाक उकळून ठेवलाय, संध्याकाळी देते. उद्या दवाखान्यात जाऊन येते.