पोरांची पहिली गाडी: पेट्रोल की डिझेल? अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,

लेकीला नाशिकला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, लायसन्सही हातात आलंय आणि आता घरात गाडीवरून रोज चर्चा चालू आहे. आम्ही सिन्नरला राहतो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता पुणे-नाशिक हायवेचा. सासरे म्हणतात डिझेलच घ्या. इंजिन दणकट, ॲव्हरेज चांगला, विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात. लेकीला पेट्रोल हवी. नवऱ्याचं अजून ठरत नाहीये. बजेट ऑन-रोड अकरा लाखांपर्यंत.

शोरूमची माहितीपत्रकं वाचून झालीत. मला अनुभव हवेत. घरातल्या अठरा ते पंचविशीतल्या मुलामुलींना गाडी घेऊन दिली असेल, किंवा तुम्ही स्वतः त्या वयात शिकला असाल, तर कोणतं इंजिन होतं, गाडी कुठे आणि किती पळायची, खर्च कशावर झाला, हे लिहा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

ठाण्याहून

ताई, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या काळाला धरून बरोबर आहे. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. पेट्रोलचे दर सरकारने २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले होते. त्या दिवसांत ज्याने डिझेल घेतली त्याचे जादाचे पैसे दोन-तीन वर्षांत वसूल झाले. आमच्याही घरी तेव्हा डिझेलच होती आणि ती भरपूर पळाली.

आता तसं राहिलेलं नाही. २०२५ मध्ये आमच्याकडे पेट्रोल १०४ च्या आसपास, डिझेल ९० च्या. म्हणजे फरक निम्म्याहून कमी. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स दोन टक्के जास्त आहे. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३.

मुलासाठी गाडी घेताना मी वहीत मांडलेला हिशेब देतो. पेट्रोल लिटरला १६ धरली तर किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल २० धरली तर साडेचार. किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. त्याच मॉडेलची डिझेल गाडी ऑन-रोड १ लाख ३० हजारांनी महाग पडत असेल, तर ६५,००० किलोमीटर होईपर्यंत तुम्ही फक्त जादा दिलेले पैसे फेडताय. लेकीचं रनिंग सुट्ट्या वजा जाता वर्षाला तेरा हजारांच्या घरात जाईल. म्हणजे पाच वर्षं. कोर्स चारच वर्षांचा! पाचव्या वर्षी ती कुठे असेल, ते आधी विचारा.

पुण्याहून

ठाणेकर दादांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमचा मुलगा कोथरूडहून बाणेरला जायचा, आठ-दहा किलोमीटर, सगळं सिग्नल टू सिग्नल. गाडी बीएस-६, म्हणजे २०२० पासूनच्या प्रदूषण नियमांची, डिझेल. काही महिन्यांतच डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा लागला.

हे डीपीएफ नीट समजून घ्या, कारण २०२० नंतरच्या डिझेल गाडीचा सगळा प्रश्न तिथे आहे. सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. ती काजळी साचली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते, पण त्यासाठी आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यासाठी गाडी साठ-सत्तरच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं न थांबता पळायला हवी. शहरात ते होत नाही. मध्येच चावी बंद केली की जाळणं अर्धवट राहतं, आणि वारंवार असं झालं तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दिवा पिवळा असेपर्यंत हायवेवर एक फेरी मारून काम भागतं. दिव्याकडे दुर्लक्ष झालं तर गाडी ताकद कमी करून चालते आणि मग वर्कशॉपशिवाय इलाज नाही. फिल्टर बदलायची वेळ आली तर आकडा ऐकवत नाही.

मुलगा दर रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत गाडी घेऊन जायचा, निव्वळ फिल्टर साफ व्हावा म्हणून. वाचवलेलं डिझेल असं जाळावं लागायचं. सिन्नर-नाशिक रस्त्यावर तुम्हाला हा त्रास अजिबात होणार नाही, तुमचं रनिंग डिझेलसाठी उत्तम आहे. पण मुलगी पुढे हिंजवडी-खराडीला नोकरीला लागली आणि गाडी तिच्यासोबत आली, तर माझं लिहिलेलं आठवा.

साताऱ्याहून

मी मुलगी आहे, चोविशीतली, आणि डिझेलवर शिकले. माझं मत डिझेलच्या बाजूने आहे, कारण शिकताना सगळ्यात मोठी भीती गाडी बंद पडण्याची असते. मागून एसटी हॉर्न मारतेय, पुढे चढ आहे, आणि क्लच सोडताना पाय थरथरतोय. डिझेलला खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिनचे फेरे कमी असतानाच, जोर असतो. चढावर हळूहळू क्लच सोडला की ॲक्सिलरेटरला फारसा हात न लावता गाडी पुढे सरकते. बाबांनी मला आधी फक्त तेवढंच करायला लावलं, पसरणी घाटाच्या पायथ्याशी, रिकाम्या रस्त्यावर: उजवा पाय ॲक्सिलरेटरपासून पूर्ण बाजूला, निव्वळ क्लचवर गाडी हलवायची. कुठल्या बिंदूला गाडी धरते ते पायाला कळलं आणि भीती गेली. मामाच्या छोट्या पेट्रोल गाडीत तेच करायला गेले की इंजिन बंद.

पण एक गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असलेली डिझेल रांगायला चांगली, पण वेग घ्यायला सतराशे-अठराशे आरपीएमपर्यंत सुस्त असते आणि मग एकदम उसळते. खंबाटकीत ट्रकला ओव्हरटेक करताना तुम्ही दाबता, काही होत नाही, अजून दाबता, आणि मग गाडी अशी झेपावते की स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं. आधी गिअर खाली घ्यायचा आणि मगच बाहेर निघायचं, ही सवय पहिल्या महिन्यातच लावा. आजकालच्या छोट्या टर्बो पेट्रोललाही हे लागू आहे, बरं का.

कोल्हापूरहून

कुणी जुनी पेट्रोल गाडी घ्यायचा विचार करत असेल तर त्याच्यासाठी लिहितोय. आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथे इथेनॉल तयार होतं, त्यामुळे ई-२० चा, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, फायदा मला ठाऊक आहे आणि त्याचा आनंदही आहे. पण गाडीचं गणित वेगळं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडा पडतो. २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्या हिशेबाने बनल्यात. भाच्यासाठी घेतलेली २०१४ ची गाडी तशी नाही. आम्ही तिचे रबरी पाइप आणि सील तपासून घेतले, दोन बदलले. गाडी फार दिवस उभी ठेवत नाही. तक्रार नाही, पण जुनी पेट्रोल घेताना मेकॅनिकला एवढं बघायला लावा.

लंडनहून

इथे हाच प्रश्न घराघरात असतो, कारण मुलं सतराव्या वर्षीच गाडी चालवायला लागतात. आमच्या मुलासाठी उत्तर दोन गोष्टींनी ठरलं. पहिली, यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा आकार. ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (विभागांमध्ये) हा नियम लागू आहे. पेट्रोल गाडी युरो-४ (युरोपातल्या प्रदूषण नियमांची एक पायरी) असली तरी चालते, म्हणजे साधारण २००६ नंतरची कुठलीही. डिझेलला मात्र युरो-६ लागतं, म्हणजे बहुतेक सप्टेंबर २०१५ नंतरची. नियमात न बसणारी गाडी चालवली की दिवसाला साडेबारा पौंड. त्यामुळे विद्यार्थ्याला परवडतील अशा जुन्या डिझेल गाड्या आमच्यासाठी बादच झाल्या. वर इथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग.

दुसरी, विमा. इथे चालकाचं वय बघून हप्ता ठरतो आणि सतरा-अठराच्या मुलाचा हप्ता कधीकधी गाडीच्या किमतीला टेकतो. म्हणून एक लिटरची साधी पेट्रोल. भारतात थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो, मुलाच्या वयावर नाही. तिकडच्या आईबापांना मिळालेली ही मोठी सवलत आहे. मात्र एक लक्षात घ्या: हजार ते पंधराशे सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि पंधराशेच्या वर गेलं की ७,८९७. गाडी निवडताना पंधराशेच्या आत राहा.

नोएडाहून

थोडक्यात. दिल्ली आणि आसपासच्या भागात (एनसीआर) डिझेल गाडी दहा वर्षं आणि पेट्रोल पंधरा वर्षंच चालवायची, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला. त्यावर नंतर बरंच पाणी वाहून गेलं, पण इथल्या बाजारात जुन्या डिझेलचा भाव त्याने पडला तो पडलाच. मुलं शिकून इकडे येतात. महाराष्ट्रात गिऱ्हाईक दारात असेल, इथे नाही.

पणजीहून

आमच्याकडे अंतरंच छोटी. मुलगी म्हापशाला जाते आणि येते. पेट्रोल घेतली, प्रश्न संपला.

संभाजीनगरहून

डिझेल घेणारच असाल तर मुलीला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवा. पंपावर गाडीतून खाली उतरायचं, "डिझेल" असं मोठ्याने सांगायचं आणि नळी कुठली आहे ते डोळ्यांनी बघायचं. माझ्या मुलाच्या गाडीत एका पंपावर पेट्रोल भरलं गेलं. पेट्रोलची नळी डिझेलच्या टाकीत सहज जाते. त्याने बिल बघितलं, दर वेगळा दिसला आणि चावीला हात लावला नाही. तिथेच गाडी ढकलून बाजूला घेतली, मेकॅनिकने टाकी उतरवून साफ केली, हजार-दोन हजारांत विषय मिटला. गाडी चालू केली असती तर पेट्रोल हाय प्रेशर पंपात आणि इंजेक्टरपर्यंत गेलं असतं. त्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोलने ते कोरडे घासले जातात. पोराने डोकं शांत ठेवलं, याचा मला आजही अभिमान आहे.

रत्नागिरीहून

माझं गॅरेज आहे, म्हणून सेकंडहँडबद्दल लिहितो. मारुतीने एप्रिल २०२० ला डिझेल बंद केलं, तरी त्याआधीच्या १.३ लिटरच्या डिझेल गाड्या बाजारात भरपूर आहेत. फियाटचं ते इंजिन स्विफ्टला होतं, पुंटोला होतं, टाटाच्या व्हिस्टालाही होतं. डीपीएफची भानगड त्या काळच्या गाड्यांत नाही, पार्ट कुठेही मिळतात. लांब पल्ला असलेल्या पोराला दोन-तीन लाखांत तशी गाडी चांगली.

फक्त बघायची ती सकाळी, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. चालू केल्यावर ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर फुसफुसत बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, सोडून द्या. मग टर्बोचा पाइप काढून आत बोट फिरवा. थोडा ओलसरपणा चालतो, पण ऑइल ओघळत असेल तर टर्बोचा खर्च धरूनच भाव करा.

पुन्हा सिन्नरहून

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने हा धागा आजोबांना वाचून दाखवला. तिने स्वतःच सांगितलं की चौथ्या वर्षी इंटर्नशिपला पुण्याला जायचंय आणि गाडी सोबत न्यायचीय. त्यामुळे पेट्रोल ठरतेय, साधी, बिनटर्बोची, बाराशे सीसीची. डिझेलचे वाचलेले पैसे वरच्या व्हेरिअंटला घालतोय, म्हणजे सहा एअरबॅग आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) मिळेल. सासऱ्यांची एकच शंका उरली: घरचे पाच जण बसवून सप्तशृंगी गडावर पेट्रोल चढेल का? सातारकर ताई, तुम्ही सांगा.

साताऱ्याहून

चढेल की! नांदुरीपासून वर दुसरा गिअर धरा आणि आरपीएम अडीच हजारांच्या खाली येऊ देऊ नका. इंजिन ओरडतंय म्हणून लेक तिसरा टाकेल, तो टाकू देऊ नका. पेट्रोलला चढावर ओरडावंच लागतं, त्याने काही बिघडत नाही. तीव्र वळणाला थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढा, एसी बंद करा, पहिला टाका. हिल होल्ड गाडीला दोन-तीन सेकंदच धरतो, तेवढ्यात उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर आला पाहिजे. हे आधी घरच्याच चढावर करून घ्या, भरल्या गाडीने. आणि उतरतानाही तोच दुसरा गिअर, नुसत्या ब्रेकवर खाली आणू नका.