माझं मत फँड्रीला
सगळ्यात भारी सिनेमा कुठला या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की शोलेच सर्वश्रेष्ठ, मुंबईत मिनर्व्हा थेटरात ५ वर्षं चालला म्हणून. शोले मलापण पाठ आहे ओ, पण किती चालला यावरून कसं ठरवायचं? माझं मत फँड्रीला, २०१३ चा मराठी सिनेमा. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे म्हणून नाही सांगत, तो राष्ट्रगीताचा सीन परत बघा, शाळकरी पोरगा जब्या आणि त्याचं सगळं घर डुक्कर पकडायला त्याच्यामागं पळतंय आणि तेवढ्यात शाळेत जनगणमन सुरू होतं, जब्या जागच्या जागी ताठ उभा, घरचेपण उभे, अन् डुक्कर निवांत निघून जातं. एक डायलॉग नाही. आणि शेवटी जब्या भिरकावतो तो दगड तर सरळ आपल्याच तोंडावर येतो, सोलापुरात थेटरात बघितला तेव्हा लाईट लागले तरी मला उठवेना.