गच्चीची चावी आणि "गैरसमज नसावा"

३०४ ताई: सचिव साहेब, गच्चीची चावी दिवसभर खाली ठेवा म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर एवढं लिहिलं, त्यावर तुमचं उत्तर "आपल्या मताचा पूर्ण आदर आहे, पण…" आणि पुढे तोच जुना नियम. नाही म्हणायचंय तर नाही म्हणा ना.

सचिव: ताई, गैरसमज नसावा. सभ्य शब्दांत मांडलं, एवढंच.

१०२ काका: चावी खाली ठेवा. मागच्या मीटिंगलाही मी हेच बोललो होतो.

४०१: "गैरसमज नसावा" आलं की आमच्याकडे सगळे आपापले फोन उचलतात 😄

२०३ सर: एकट्या सचिवांना धरू नका. संभाषणाच्या अभ्यासक अनिता पोमरान्ट्झ यांनी १९८४ मध्ये खऱ्या संभाषणांवरून दाखवलंय की होकार चटकन येतो, नकार मात्र अडखळत, आधी थोडी मान डोलावून. "बरोबर आहे, पण" त्यातलंच. समोरासमोर आवाजावरून तरी कळतं, इथे नुसती अक्षरं.

३०४ ताई: म्हणूनच इथे जास्त स्पष्ट हवं, सर. "माझ्या अल्पमतीप्रमाणे" वाचून मला कसं कळणार काय पटलं नाही? चावी, वेळ, की मी?

१०२ काका: चावी खाली वॉचमनकडे ठेवा.

५०२: काकांचं अगदी योग्य, फक्त एक सुचवावंसं वाटतं…

३०४ ताई: बघा!

खजिनदार: विषय वाढवू नये ही नम्र विनंती 🙏

४०१: हात जोडले तरी दटावणी ती दटावणीच.

खजिनदार: माझा रोख कोणाकडेही नव्हता. कोणाला लागलं असल्यास क्षमस्व.

३०४ ताई: "कोणाला" म्हणजे मलाच. नाव घ्या की.

४०१: खजिनदारांच्या मेसेजवर ५०२ चा अंगठा आहे. होकार, की अंगठा दाखवलाय?

५०२: वाचल्याची पोच हो ती!

२०३ सर: सौम्य शब्द टाकून द्या असं मी म्हणणार नाही. वयाने मोठ्या माणसाला सर्वांदेखत "तुमचं चुकलं" म्हणणं जड जातं, आणि ती काळजी खरी असते. पण "आदर आहे" च्या पुढे कारण लिहा. कारण सांगणं हाही आदरच आहे.

सचिव: ठीक. ताई, चावी दिवसभर खाली ठेवायला माझा विरोध आहे. मागे टाकीचं झाकण उघडं राहिलं होतं आणि मुलं वर जातात. संध्याकाळी ६ ते ८ चालेल.

३०४ ताई: झाकणाचं मला माहीतच नव्हतं. ते आधी लिहायचं ना! ६ मला उशीर होतो, ५ पासून द्या.

सचिव: ५ ते ८. मान्य.

१०२ काका: आणि ८ नंतर परत कोण घेणार? हेही मी मीटिंगला बोललो होतो.