लेकरांसाठी चित्रांचं पुस्तक घेताना काय बघता?

गेवराईची बाई:
पहिलीला शिकवते, जिल्हा परिषदेची शाळा. वाचन कोपऱ्यासाठी पुस्तकं घ्यायचीत. मागच्या वेळी चकचकीत बघून आणली, लेकरांनी दोनदा चाळून टाकून दिली. एकच पुस्तक फाटेस्तोवर फिरलं. त्यात बाई पाणी शेंदतेय अन् मागं शेळी तिची भाकरी पळवतेय. मजकुरात शेळीचं नावसुद्धा नाही! येईल त्याला बोट ठेवून दाखवतात. असं पुस्तक ओळखायचं कसं?

परभणीकर:
उत्तर तुम्हीच दिलंय की, बाई. मजकूर झाकून नुसती चित्रं बघा. गोष्ट कळली अन् वर काहीतरी जास्तीचं सापडलं, तर घ्या. शेवटच्या पानावर उपदेश असला की मी तिथंच ठेवून देतो.

छापखानावाला, लातूर:
बांधणी बघा. अशी पुस्तकं बरीचशी ३२ पानांची, कारण मोठ्या कागदाच्या घडीतून १६-१६ पानं निघतात. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात चेहरा मधल्या घडीत गेला असला तर नाक गायब! पिनांपेक्षा दोऱ्याची शिलाई टिकते.

अंबडची आजी:
‘प्रथम बुक्स’ प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत. आधी मोबाईलवर वाचून दाखवा. ‘अजून एकदा’ म्हणाले, की तसलंच छापील शोधा. माझ्या नातवाला बर्फातली अस्वलं नकोत, टमटमवालं पाहिजे.

गेवराईची बाई:
शनिवारी मजकूर झाकून बघते. शेळीला परत चिकटपट्टी लावलीय, तिसऱ्यांदा.