निरगुडीच्या पाल्याने सूज उतरते का, हे कसे तपासावे?

औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, सांगली
आमच्याकडे गुडघा सुजला किंवा पाय मुरगळला की निरगुडीचा पाला गरम करून बांधतात. कृष्णाकाठी आणि ओढ्यांच्या कडेने ही झुडपे भरपूर आहेत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी या पाल्याचा सूज उतरवण्याचा गुण तपासण्याचे मी ठरवले आहे, परंतु आमच्या महाविद्यालयात प्राण्यांवरील प्रयोगांची सोय नाही. मिथेनॉलमध्ये अर्क काढून अंड्याच्या पांढऱ्या भागावर चाचणी घेतली, तर त्यावरून हा गुण सिद्ध होईल का?

वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक, सातारा
आधी झुडुपाची ओळख पक्की करावी. निरगुडी म्हणजेच व्हायटेक्स निगुंडो आणि तिची भावंड-जात व्हायटेक्स ट्रायफोलिया यांत गल्लत होऊ शकते. फुलांसह नमुना दाबून वाळवावा, तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी आणि पाला कोठून व कोणत्या महिन्यात तोडला याची नोंद ठेवावी. बाजारातील चुरा वापरू नये.

औषधगुणशास्त्राचा अध्यापक, मिरज
सिद्ध होणार नाही. तरीही पहिली पायरी म्हणून ही चाचणी जरूर घ्यावी. अंड्यातील प्रथिन उष्णतेने साकळते, द्रावण गढूळ होते आणि अर्कामुळे तो गढूळपणा किती कमी झाला हे 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजून डायक्लोफिनॅक या सूज उतरवणाऱ्या औषधाशी त्याची तुलना करतात. येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: पानातील हरितद्रव्यही याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषते, त्यामुळे अर्काच्या प्रत्येक तीव्रतेच्या द्रावणासाठी प्रथिनाविना केवळ अर्काचे वाचन घेऊन ते वजा केले नाही, तर आलेले आकडे निरर्थक ठरतात. अर्कात टॅनिन हे तुरट द्रव्य असल्यास ते स्वतःच प्रथिनाचा साका करते, हेही लक्षात ठेवावे.

शरीरातील सूज मात्र हिस्टामिन, सेरोटोनिन, प्रोस्टाग्लँडिन अशा रसायनांच्या साखळीतून येते आणि त्यांपैकी काहीही परीक्षानळीत नसते. म्हणूनच 1962 पासून रूढ असलेल्या पद्धतीत पांढऱ्या उंदराच्या पंजात कॅरागीनन हा सूज आणणारा पदार्थ टोचून ठरावीक तासांनी पंजाचे आकारमान मोजतात. सुरुवातीची सूज मुख्यतः हिस्टामिन व सेरोटोनिनमुळे आणि नंतरची प्रोस्टाग्लँडिनमुळे येत असल्याने, औषधाने ती कोणत्या तासाला आवरली यावरून त्याच्या कार्यपद्धतीचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे.

वैद्य, वाई
घरी कोणी पाला मिथेनॉलमध्ये भिजवत नाही. पाण्यातील काढाही शेजारी तपासावा, कारण दोन्हींत उतरणारी द्रव्ये वेगळी असतात. शिवाय बांधलेल्या पाल्यात शेकाचाही वाटा असतो. पुढे कधी रुग्णांवर अभ्यास झालाच, तर दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी पाल्याचा तेवढाच गरम शेक तुलनेसाठी ठेवावा लागेल.

विद्यार्थिनी, सांगली
आपणा सर्वांची मी आभारी आहे. काढा आणि मिथेनॉलचा अर्क असे दोन्ही घेईन, केवळ अर्काचे वाचन प्रत्येक वेळी वजा करीन आणि अहवालात ‘सूज उतरते’ असे न लिहिता प्रथिन साकळण्यास किती अटकाव झाला, एवढेच मांडीन.