मदत हवी आहे: मधुमेही पायाच्या जखमेसाठी स्वतःच्याच मूळपेशी

नमस्कार मंडळी. मडगावचा रुग्ण, वय ५८. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी ३ × २.५ सेंमी जखम, १४ आठवडे जुनी. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.८ टक्के. एक्स-रेत हाड स्वच्छ. घोट्याचा रक्तदाब चांगला दिसतो, पण मधुमेहात धमन्या चुन्याने कडक होतात आणि तो आकडा फसवतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजला: ४८ मिमी पारा. मृत भाग दर आठवड्याला खरवडतो, पायावर टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (जखमेवरचा भार कमी करणारं, पायाला घट्ट बसणारं प्लास्टर) आहे. तरी ४ आठवड्यांत जखम निम्मीही आटली नाही. (पावसात कास्ट दमट राहून कडेची कातडी पांढरी पडते, तो त्रास वेगळाच.)

आता कमरेच्या हाडातला मगज (अस्थिमज्जा, ज्यात मूळपेशी असतात) काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून घट्ट करून जखमेच्या कडांत आणि पोटरीत टोचायचा विचार आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे मंजूर चाचणीतच करता येतं, आणि ते योग्यच आहे.

तर विचारायचं हे:

गोवा, बेळगाव किंवा मुंबईत सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदलेली, सध्या रुग्ण घेणारी चाचणी कुणाला ठाऊक आहे का?

मगज काढताना एकाच जागेतून जास्त ओढलं की साधं रक्तच मिसळतं आणि पेशी विरळ होतात. तुम्ही एका जागेतून किती मिली घेता? सुई कितीदा सरकवता? गोठू नये म्हणून हेपरिन घालता की सायट्रेट?

कृपया पेशींच्या मोजणीसह लिहा. खासगीत पैसे घेऊन टोचणाऱ्यांची नावं नकोत.