क्रिनोलिन : बायकांचा पिंजरा की पायांना मोकळीक?

सुईदोरा

परवा एका ग्रुपवर कोणीतरी १८६० च्या आसपासचा एक फोटो टाकला, स्टीलच्या रिंगांचा सांगाडा, म्हणजे क्रिनोलिन, कमरेला बांधून उभी असलेली बाई, आणि खाली धडाधड प्रतिक्रिया आल्या की बघा कसं बायकांना अक्षरशः पिंजऱ्यात कोंडायचे. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट लिहावंसं वाटलं म्हणून हा धागा.

त्या सांगाड्याच्या आधी काय होतं ते कोणी बघतच नाही. १८३० नंतर युरोपात स्कर्टचा घेर वाढत गेला आणि तो फुगलेला राहावा म्हणून आत एकावर एक परकर चढवायचे. क्रिनोलिन हा शब्दसुद्धा त्या परकरांचाच आहे, रिंगांचा नाही. फ्रेंचमध्ये क्रँ म्हणजे घोड्याचे केस आणि लँ म्हणजे लिननचा धागा, दोन्ही मिळून विणलेलं ताठ, टोचरं कापड. त्याच्यावर खळ घातलेला परकर, त्याच्यावर दोऱ्या शिवून कडक केलेला, मग आणखी एखादा जाडजूड शिवणीचा, असे पाच-सहा सहज व्हायचे. आपल्याकडे कडक खळीचा एक परकर मे महिन्यात घालून बघा म्हणजे कळेल. सगळं ओझं कमरेवर आणि प्रत्येक पावलाला कापड पायात गुंडाळतंय.

१८५६ मध्ये पॅरिसला आर. सी. मिलिए नावाच्या माणसाने रिंगांच्या सांगाड्याचं पेटंट घेतलं. स्टीलच्या लवचिक पट्ट्या, त्यांच्या खाली मोठ्या वर लहान अशा रिंगा, आणि कमरपट्ट्यापासून खाली सोडलेल्या सुती टेपांवर त्या टांगलेल्या. बस. पाच परकर गेले, एक हलका सांगाडा आला, आत पाय पूर्ण मोकळे. अमेलिया ब्लूमरचं नाव ऐकलं असेल, गुडघ्याच्या जरा खाली येणारा स्कर्ट आणि आत सलवारीसारखी विजार हा पोशाख १८५१ मध्ये जिच्या नावाने गाजला ती. तिने तो पोशाख नंतर सोडला, आणि कारण देताना तिने स्वतः सांगितलं की हलक्या हूपमुळे, म्हणजे या रिंगांच्या सांगाड्यामुळे, जड परकरांचा त्रास गेला, आता त्या पोशाखाची तेवढी निकड राहिली नाही. बायकांच्या कपड्यांसाठी भांडलेली बाई असं म्हणते तर आपण कोण तिला पिंजऱ्यातली म्हणणार?

निळी शाई

सुईदोरा, ब्लूमरचा मुद्दा मान्य, पण तू अर्धीच गोष्ट सांगितलीस. त्या घरांमध्ये उजेड मेणबत्तीचा आणि ऊब उघड्या शेकोटीची, आणि त्यात तू घंटेसारखा पोकळ स्कर्ट घालून फिरतेयस, ज्याची खालची कड तुझ्यापासून दोन-अडीच फूट लांब आहे. ती कड निखाऱ्याला लागली हे बाईला कळायचंच नाही. आणि एकदा पेटलं की आतली पोकळी धुराड्यासारखं काम करते, खालून हवा, वर ज्वाळा. अंगावर दोन परकर असते तर ती जमिनीवर लोळून विझवू तरी शकली असती, इथे सांगाडा कापडाला अंगाला चिकटूच देत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६३-६४ या काळासाठी हिशेब मांडला होता, कपडे पेटून किमान ६३० बायका गेल्या.

आणि सँटियागो. चिलीमध्ये ८ डिसेंबर १८६३ ला कंपानिया चर्चमध्ये संध्याकाळची प्रार्थना होती, मारियामातेच्या महिन्याचा शेवटचा दिवस, आत मुख्यतः बायका आणि मुलं, वेदीभोवती दिवेच दिवे. आग लागली, सगळ्या दाराकडे धावल्या आणि ते फुगे एकमेकांत अडकून दारात माणसांची भिंत झाली. बाहेरचे लोक हात धरून ओढत होते तरी निघेनात. दोन हजारांवर माणसं गेली. त्या शहराचं स्वयंसेवी अग्निशमन दल त्याच महिन्यात उभं राहिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. याला मोकळीक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

खानदेशी

मला दोघींपेक्षा वेगळं वाटतं. सोयीसाठी सांगाडा आला हे खरं मानलं तर मग ओझं कमी झाल्यावर घेर तेवढाच राहायला हवा होता ना? झालं उलटं. सांगाडा हलका म्हणून घेर आणखी वाढवता आला आणि १८६० च्या आसपास तो सगळ्यात मोठा झाला. म्हणजे जी सोय मिळाली ती फॅशनने लगेच खाऊन टाकली.

आणि ही गोष्ट १८५६ ची नाहीच, तीन वेळा झालीये. पंधराव्या शतकात स्पेनमध्ये वेर्दुगादो निघाला, वेर्दुगो म्हणजे झाडाची कोवळी फांदी, तशा काड्या स्कर्टवर गोल शिवायच्या. कास्तिलच्या राजाची बायको हुआना हिने तो आणला आणि तो गरोदरपण लपवायला आहे अशी तिच्यावर कुजबूज झाली. तिथून कॅथरिन ऑफ अरॅगन १५०१ मध्ये लग्नासाठी इंग्लंडला गेली तिच्याबरोबर तो तिकडे गेला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळापर्यंत तर कमरेभोवती गाडीचं चाक आडवं ठेवावं तसा आकार झाला होता. पुढे अठराव्या शतकात पॅनिए, समोरून-मागून सपाट आणि दोन्ही बाजूंना टोपल्या लावल्यासारखा रुंद, इतका की दारातून आडवं होऊन जावं लागे. बाहेर फॅशन बदलून स्कर्ट सरळ झाले तरी इंग्लंडच्या दरबारात हूप सक्तीचाच. कंबर छातीखाली आलेली आणि तिथूनच हूप सुरू, तरी घालायचा. १८२० मध्ये चौथा जॉर्ज गादीवर आला तेव्हा ती सक्ती सुटली.

मला यात एकच दिसतं, जागा अडवणं. मी एवढी जागा घेऊ शकते म्हणजे मला काम करावं लागत नाही, हे दाखवणं. याचा बाईच्या पायांशी संबंध नाही, घराण्याच्या ऐपतीशी आहे.

सुईदोरा

खानदेशीदादा, वेर्दुगादो आणि पॅनिएबद्दल अगदी बरोबर, ते दरबारातले होते. पण १८५६ चा सांगाडा तिथेच वेगळा पडतो. तो कारखान्यात ढिगाने बनायला लागला, स्वस्त झाला, आणि मोलकरणीपासून गिरणीतल्या पोरींपर्यंत सगळ्यांनी घातला. तीनशे वर्षांत पहिल्यांदा मालकीण आणि तिची मोलकरीण यांचा आकार सारखा दिसायला लागला, आणि लोकांना नेमकं तेच खुपलं. लंडनच्या पंच साप्ताहिकातली व्यंगचित्रं काढून बघा, मोलकरणीच्या घेराने टेबलावरच्या बश्या पडतात, बसमध्ये पुरुषांना जागा उरत नाही. ती काढणारे पुरुष, हसणारे पुरुष. दीडशे वर्षांनी आपण तीच चित्रं इतिहास म्हणून शेअर करतो. खऱ्या फोटोंमध्ये रोजचा घेर बराच बेताचा दिसतो.

निळी शाई

गिरणीतल्या पोरींचं तूच काढलंस म्हणून लिहिते. १८६० मध्ये इंग्लंडच्या कोर्टोल्ड्स या कापड कंपनीने आपल्या कामगारांना सूचना दिली की हूप आणि क्रिनोलिन घरी ठेवून या. दोन यंत्रांच्या मधल्या अरुंद बोळातून जायचं, बाजूला पट्टे फिरतायत, त्यात स्कर्ट सापडला तर काय होईल? तू याला वर्गभेद मोडला म्हणतेस, मला तर दिसतं की ज्या फॅशनमध्ये श्रीमंत बाई सोफ्यावर बसायची तीच घालून गरीब पोर यंत्रापाशी उभी राहिली. आणि नाइटिंगेलबाईंनी नर्सिंगवरच्या पुस्तकातही क्रिनोलिनवर लिहिलंय, त्याची सळसळ आजारी माणसाला कसा त्रास देते ते. त्या काही पंचमधल्या पुरुष नव्हत्या.

सुईदोरा

ती सूचना मालकाने काढली होती, ताई. पोरींना विचारून नाही.

निळी शाई

मालकाने काढली म्हणून चुकीची होते का? पट्ट्यात हात गेला तर तो त्या पोरीचा जाणार होता.

कपडेपटवाली

दोघींचं वाचतेय, मी आजवर यातला एक सांगाडा स्वतः बनवलाय म्हणून सांगते. मी हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळते. एका एकांकिकेत १८६० मधली इंग्रज बाई होती. आधी वायरिंगचा प्लास्टिक पाइप वापरला, तो गरम होऊन अंडाकृती झाला. मग खोक्यांना बांधतात ती लोखंडी पॅकिंगची पट्टी आणली, कडा कापडात गुंडाळून टिपा मारल्या, पाच रिंगा केल्या, खालची सव्वाशे इंच. पहिल्या तालमीत पोरगी धाडकन पडली कारण मी शेवटची रिंग पार घोट्यापर्यंत नेली होती आणि पायरी चढताना तिचा पाय रिंगेत गेला. ती रिंग वीतभर वर घेतली तेव्हा जमलं.

आता माझं मत. चालायला खरंच हलकं. पोरगी म्हणाली की लेहेंग्यापेक्षा हे बरं, पायात काही येतच नाही. बसताना रिंगा एकावर एक घडी होत जातात, दिवाळीचा कागदी कंदील मिटतो ना तशा. पण बसताना मागची बाजू हाताने जरा उचलावी लागते, विसरलं की समोरची रिंग थेट तोंडापर्यंत वर येते. म्हणूनच त्या काळात आत लांब चड्ड्या घालायची पद्धत वाढली, वाऱ्याने सांगाडा तिरका झाला तर सगळं दिसायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कड कुठे आहे ते अजिबात कळत नाही. विंगेत आम्ही समई ठेवली होती, पोरगी तिच्या बाजूने गेली आणि स्कर्टने समई हलली, तिला पत्ताच नाही, ती पुढे जाऊन डायलॉग म्हणतेय. नशीब समई पेटवलेली नव्हती. तेव्हा सुईदोरा, पायांच्या बाबतीत तू बरोबर आहेस. पण शाईताई सांगतायत ते मी डोळ्यांनी बघितलंय.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनजवळ राहते. इथे केंब्रिजमध्ये कवी लाँगफेलोचं घर जपून ठेवलंय. जुलै १८६१ मध्ये याच घरात त्याची बायको फॅनी मुलींच्या केसांच्या बटा लाखेने बंद करत होती, ज्योत ड्रेसला लागली. तो शेजारच्या खोलीतून धावत आला, छोटी सतरंजी घेऊन तिला लपेटायला गेला, स्वतः भाजला, ती दुसऱ्या दिवशी गेली. चेहऱ्यावरच्या जखमांमुळे त्याने पुढे दाढी करणं सोडलं. आपण त्याचा जो पांढऱ्या दाढीतला फोटो बघतो ती दाढी अशी आलीय.

पण मला वाटतं दोष रिंगांपेक्षा कापडाचा जास्त. पातळ सुती मलमल आणि जाळी, भडकन पेटणारं. पॅरिस ऑपेराची नर्तकी एमा लिव्ह्री, १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये तालमीत गॅसच्या दिव्याला तिचा स्कर्ट लागला आणि आठ महिने यातना काढून ती गेली. तिच्या अंगावर स्टीलचा सांगाडा नव्हता, नाचाचा झिरझिरीत स्कर्ट होता. लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी आयर्लंडमध्ये एका नाचाच्या रात्री अशाच भाजून गेल्या, ते १८७१ मध्ये, तोपर्यंत मोठा गोल सांगाडा मागे पडून घेर पाठीमागे गेला होता. म्हणजे रिंगा गेल्या तरी आगी राहिल्याच.

निळी शाई

चार्ल्सकाठ, लिव्ह्रीचं उदाहरण मला पटलं, ते मी रिंगांच्या खात्यावर नाही टाकणार. पण मग कापड न पेटणारं करता येत होतं ना? सोडियम टंगस्टेटच्या पाण्यात मलमल बुडवली तर ती ज्योत धरत नाही हे १८६० च्या आतबाहेर लंडनमध्ये प्रयोग करून दाखवलं होतं, आणि त्याने कापड फारसं खराबही होत नव्हतं. पॅरिसच्या रंगमंचावर तर कपडे प्रक्रिया करून घ्यायचा सरकारी नियमच होता. लिव्ह्रीने नकार दिला, त्या प्रक्रियेने स्कर्ट ताठ आणि मळकट दिसायचा म्हणून. एकोणीस-वीस वर्षांची पोर. तिला दोष द्यायला माझं मन धजत नाही, पण सुंदर दिसण्याची किंमत तिच्या डोक्यात कोणी घातली हा प्रश्न मी सोडणार नाही.

सुईदोरा

आगीबद्दल मी कमी लिहिलं हे मान्य करते, सँटियागोचं मला माहीत होतं आणि तरी मी ते टाळलं, ते चुकलंच. पण पिंजरा हा शब्द मी अजूनही नाही वापरणार. पिंजऱ्यात दुसरं कोणीतरी ठेवतं. यातल्या कित्येक बाया नवरे, पाद्री, डॉक्टर, मालक सगळ्यांचा विरोध पत्करून ते घालत होत्या आणि त्यांना ते आवडत होतं. त्यांनी निवड धोक्याची केली असेल, पण निवड त्यांची होती एवढं तरी त्यांच्याकडे राहू द्या.

खानदेशी

सगळ्याच जणी घालतायत तेव्हा न घालणारी वेगळी पडते, मग निवड किती उरते? माझ्या बहिणीच्या लग्नात तिला साधा घागरा हवा होता, सगळ्यांनी मिळून आत सहा थरांची कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवायची ताठ जाळी, लावायला लावली, फोटोत घेर पडलेला दिसेल म्हणून. ती दिवसभर जेवायला नीट बसू शकली नाही. आवडलं का विचारलं तर ती हो म्हणेल.

कपडेपटवाली

कॅनकॅनवरून आठवलं, हे जरूर वाचा. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला एका दुकानातून परीचा फ्रॉक आणला, आत कडक नायलॉनच्या जाळीचे चार थर. केक कापताना ती टेबलाला टेकली आणि मला एकदम ती विंगेतली समई आठवली, मी तिला मागे ओढलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. नंतर घरी त्या जाळीचा एक तुकडा कापून चिमट्यात धरून गॅसवर नेला. तो आक्रसला, वितळला आणि पेटता थेंब ओट्यावर पडला, तिथे अजून काळा डाग आहे. मलमल निदान जळून राख होते, हे तर कातडीला चिकटेल. मी त्या फ्रॉकचे आतले तीन थर उसवून काढले आणि एक सुती अस्तर लावलं. फुगा कमी झाला म्हणून भाची दोन दिवस रुसली होती. कोणाला अस्तराचं माप हवं असेल तर सांगा, चार ते सहा वर्षांच्या मुलीला दीड मीटर पुरतं.